नऊ नंबरचा चर

डोंगरावर आम्ही एकमेकांना नंबरांनी ओळखायचो. पावसाचं पाणी अडावं म्हणून उतारावर आडवे चर खणलेले आहेत, गुडघाभर खोल आणि लांबच लांब. चरातून निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी लावायची आणि त्या मातीत झाड लावायचं. रविवारी नेमाने येणाऱ्या प्रत्येकाकडे एक चर सोपवलेला. माझा नऊ नंबरचा. "काय नऊ नंबर, आज उशीर?" असं कुणी म्हटलं की ते मला म्हटलेलं असायचं. माझं खरं नाव तिथल्या अर्ध्या लोकांना आजही माहीत नसेल. मला ते सोयीचं वाटायचं.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. घरी मराठी, शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला तर वर्गाबाहेर उभं राहायचं. त्यामुळे असं झालं की दोन्ही भाषांत मी आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरच्यांचं बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असतं. कॉलेज संपल्यावर पुण्यातल्या एका कंपनीचं काम मिळालं, तेही घरून. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या एका खोलीत सकाळ व्हायची आणि तिथेच संध्याकाळ. शेवटी आईने एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज माझ्यापुढे धरला. रविवारी सकाळी सहा वाजता डोंगरावर झाडांना पाणी घालायचं आहे, येताना पाच लिटरचा कॅन आणावा, एवढंच त्यात होतं.

"जा," आई म्हणाली. "तिथे झाडांशी गप्पा माराव्या लागत नाहीत."

नगरपासून स्कूटीने पंचवीस मिनिटांवर तो डोंगर आहे. पायथ्याला एक गाव, आणि डोंगर त्या गावाच्या गायरानाचा. वर उभं राहिलं की एका बाजूला शहराच्या पाण्याच्या टाक्या आणि एमआयडीसीचे पत्रे चमकताना दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला लष्कराच्या सरावाचे धमाके दुरून ऐकू येतात. नवीन माणूस दचकतं. आम्ही पाणी घालत राहतो. पहिल्या दिवशी मी दोन कॅन वर नेले आणि सॉक्समध्ये रुतलेली कुसळं काढत आठवडा घालवला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तिथे कुणी मला काही विचारत नव्हतं. कॅन द्यायचा, कॅन घ्यायचा.

आमचे म्होरके होते काका. वायरमन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर खांबावरून खाली उभ्या असलेल्या माणसाशी बोलल्यामुळे असेल, ते शेजारी उभ्या असलेल्याशीही ओरडूनच बोलत. गावाच्या ग्रामसभेत उभं राहून त्यांनीच तीन वर्षांपूर्वी चराईबंदीचा ठराव करून घेतला होता. तीन वर्षं डोंगरावर जनावर सोडायचं नाही, गवत विळ्याने कापून घरी न्यायचं. गावाने ते पाळलं. खालच्या आठ चरांवरचे कडुनिंब, करंज, बोरी माझ्या डोळ्यांदेखत खांद्याला लागले, मग डोक्याच्या वर गेले.

वरच्या टप्प्यावर मात्र कॅन चढवणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. तिथे काकांनी पावसाळ्यात रोपांऐवजी अंजनाच्या बिया टोकायचं ठरवलं. नवे चर खणले, वाटले. मी उशिरा आलेली, म्हणून वरच्या टप्प्यातला पहिला चर माझ्याकडे आला. बोटाने भोक करायचं, बी टाकायची, माती लोटायची. दोन-तीन आठवड्यांनी बांधावर जोडपानं उभी राहिली, हिरवी, फुलपाखराने पंख मिटावेत तशी. मी त्यांचे इतके फोटो काढले की आईने विचारलं, "हे सगळे वेगळे आहेत का?"

गावातल्या मावशी मला पहिल्यांदा दिसल्या त्या पायथ्याशी. वय साठीच्या पुढे, डोक्यावर पदर, हातात काठी, आणि रस्त्याकडेच्या चारीत पाच शेळ्या. मी कॅन घेऊन चालले होते. त्या थांबून माझ्याकडे बघत होत्या.

"पानी कुनाला, दगडाला?"

मी मनात वाक्य जुळवत राहिले.

"बोलती का न्हाई? का इंग्लिशमदीच बोलती?"

"झाडांना," मी म्हणाले.

"बरं. झाडास्नी सांग, आमच्या शेरडांनी लई दिवस तुमाला बघितलं न्हाई, याद करत्यात." आणि स्वतःच हसल्या.

पुढे कळलं की त्या थट्टेत थट्टा थोडीच होती. बंदी आली तेव्हा त्यांच्याकडे बारा शेळ्या होत्या. चारीच्या कडेला बारा शेळ्यांचं भागेना, म्हणून सात शेळ्या त्यांनी सोनईला माहेरी नेऊन भावाच्या दावणीला बांधल्या. तिकडे उसाचं रान, बांधावर हिरवं मिळतं. तीन वर्षांसाठी म्हणून सांगून आल्या होत्या. भाऊ काही बोलायचा नाही, पण भावजय दर फोनला विचारायची, कधी नेताय.

ती तीन वर्षं या उन्हाळ्यात संपत होती. एक मेच्या ग्रामसभेत ठरणार होतं, बंदी पुढे चालू ठेवायची की डोंगर सोडायचा. सरपंचबाईंनी काकांना निरोप पाठवला की किती झाडं जगली, किती मेली, याची यादी द्या, सभेत वाचू.

यादी मी करते म्हणाले. त्यात धाडस काहीच नव्हतं. यादी करणाऱ्याला कुणाशी बोलावं लागत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी कामाच्या आधी मी एकटी जायची, पुठ्ठ्याला कागद अडकवून चराचरातून फिरायची. खालच्या टप्प्यात अडचण नव्हती. वरच्या टप्प्यात गेले तेव्हा जोडपानांचा पत्ता नव्हता. जिथे जिथे अंजन उगवला होता तिथे केरसुणीच्या काडीएवढी करडी काडी उभी. मी काडी वाकवून बघायची. कट्‌ आवाज होऊन तुटली की कागदावर फुली. वाईट वाटत होतं, पण मी काळजीपूर्वक काम करणारी आहे. एकही काडी मी न तपासता सोडली नाही. नऊपासून वीसपर्यंत सगळ्या चरांपुढे फुल्याच फुल्या.

काकांनी यादी बघितली. एकेका फुलीवरून बोट फिरवलं. मग, पहिल्यांदाच हळू आवाजात, "उन्हाने खाल्ली," म्हणाले. यादी त्यांनी ग्रामसेवकाकडे दिली. आणि त्या रविवारी सगळ्यांना सांगितलं, वरची मेलेली झाडं काढून टाका, जागा मोकळी करा, पावसाळ्यात रोपं आणून पुन्हा लावू.

मी माझ्या चरापासून सुरुवात केली. कुदळीने माती सैल करून काडी धरून ओढायची. एक येईना. दुसरीही येईना. मेलेलं झाड जमिनीला इतकं घट्ट कसं धरून आहे, असं माझ्या मनात आलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. पण मी फुली मारली होती. मी आणखी खोल खणलं. काही मुळं हातभर लांब निघाली, काही मध्येच तुटली. इतरांच्या दोन-चार काड्या निघेपर्यंत माझा जवळजवळ अख्खा चर मोकळा झाला होता आणि बांधाच्या टोकाला मी त्यांचा नीट ढीग लावला होता.

मावशी वाळलेलं गवत कापायला वर आल्या होत्या. ढिगापाशी थांबल्या, विळा खाली ठेवला आणि एक मूळ उचललं.

"ह्ये कुनी उपटलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते, पण माझं नाव कुणी घेतलं नाही.

"अगं बया! काय केलंत तुमी?" त्यांनी विळ्याने मूळ उभं चिरलं आणि माझा हात ओढून त्याच्या आतल्या अंगावर टेकवला. "बग. गार लागतंय का न्हाई?"

गार लागत होतं. आत ओलसर पिवळट होतं, कच्च्या बटाट्यासारखं.

"अंजान हाय ह्यो. उन्हाळ्यात वरनं वाळतो, खाली जिता ऱ्हातो. चार-पाच वर्सं असंच करतो. मूळ लई खाली गेलं की मग वर निगायचं बगतो. ल्हानपनापासनं बगितलंय आमी, शेरडं मागं हिंडून. तुमी पुस्तकात बगितलं आसंल, त्यात हिरवाच आसतो व्हय कायम?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"थांबा रे सगळे!" काका ओरडले. कुदळी खाली आल्या. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मला वाटलं आता मला बोलतील. ते म्हणाले, "आपली यादी चुकली."

आपली म्हणाले. यादी करताना डोंगरावर मी एकटी होते, हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तो एक शब्द मी कितीदा आठवला असेल, सांगता येणार नाही.

पण चुकलेली यादी ग्रामपंचायतीच्या फायलीत गेली होती. आणि गावात एव्हाना बोललं जात होतं की वरचं सगळं जळालं, मग बंदी कशासाठी? वरचा टप्पा सोडला तर जनावरं खालूनच वर जाणार, म्हणजे खालचाही सोडल्यासारखाच. एका कागदाने, माझ्या कागदाने, तीन वर्षं जातील अशी वेळ आली होती.

एक मेला मी काकांबरोबर ग्रामसभेला गेले. 'यादीत चूक झाली आहे, कृपया आम्हाला वेळ द्यावा,' हे वाक्य मी स्कूटीवर पूर्ण रस्ताभर म्हणत होते. ते म्हणायची वेळच आली नाही. शेवगावला गावातल्या एका मुलाचं लग्न होतं आणि अर्धं गाव दोन टेम्पो आणि मिळेल त्या गाडीने तिकडे गेलेलं. कोरम भरला नाही. ग्रामसेवकाने घड्याळात बघितलं, वहीत लिहिलं आणि सभा आठ दिवसांसाठी तहकूब केली. त्या नवरा-नवरीला मी कधी पाहिलं नाही. त्यांचं भलं होवो असं मी अजूनही मनापासून म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मावशींच्या दारात उभी होते. त्या शेळ्यांपुढे शेवग्याचा पाला टाकत होत्या.

"मावशी, मला परत यादी करायची आहे. जिवंत कुठलं, मेलेलं कुठलं, ते ओळखायला शिकवाल का?"

"आन मंग?"

"मग सभेत खरी यादी देऊ."

"खरी दिली तर बंदी ऱ्हाईल."

"हो."

"आन माजी शेरडं?"

यावर मी रस्त्यात विचारच केला नव्हता. खरंच केला नव्हता. मी माझी चूक, माझा कागद, माझा चर एवढंच घेऊन आले होते. त्या पाल्याच्या डहाळ्या मोडत राहिल्या.

"भावजय रोज फोन करती. डोंगर सुटला तर मी उद्या सोनईला जाऊन आनीन सगळी. माजं कशात हाय ते कळतंय का तुला?"

"कळतंय," मी म्हणाले. "मग राहू दे मावशी. तुम्ही नका येऊ. मी करते जमेल तसं."

"जमंल तसं मागं केलंस की एकदा." त्यांनी हातातली डहाळी टाकली, पदर कमरेला खोचला. "मला चराया पायजे, व्हय. मागून घिईन मी, समोरून. तुज्या खोट्या कागदावर न्हाई घ्यायचं मला. चल, ऊन व्हायच्या आत."

पाच सकाळी आम्ही दोघी वरच्या टप्प्यात होतो. शिकायला फारसं काही नव्हतं आणि तेच मला जास्त लागलं. काडीला हात लावायचाच नाही. बुडाशी बोटाने दोन पेरं माती उकरायची आणि तिथे सालीवर नख ओढायचं. आत ओलं दिसलं तर झाड झोपलेलं. भुसा निघाला तर गेलेलं. माती परत लोटायची, वर चपटा दगड ठेवायचा, सावली म्हणून.

मी कागदावर खुणा करत होते. मावशींना आकड्यांचा कंटाळा. जिवंत दिसलं की त्या एक खडा उचलून पदराच्या ओट्यात टाकायच्या. ओटा जड झाला की पिशवीत रिकामा करायच्या. दुसऱ्या दिवशी पायथ्याशी बसून आम्ही खडे मोजले, तर माझ्या कागदावर दोन जास्त.

"तुमचे दोन खडे पडले असतील," मी म्हणाले.

"माजे खडे पडत न्हाईत. त्या मोठ्या धोंड्याआडची दोन तू जाताना बी मोजली आन येताना बी."

मी परत वर गेले. तसंच होतं. खाली आले तेव्हा त्या पिशवीला गाठ मारत होत्या. गाठ मारता मारता हसत होत्या. त्यानंतर माझा कागद आम्ही त्यांच्या खड्यांशी ताडून बघायला लागलो.

मधल्या वेळात त्या बोलायच्या, मी ऐकायची. कुठल्या खडकाखाली ससा पिलं घालतो, तित्तर कुठे बसतो, लहानपणी माहेरच्या माळावर अंजनाच्या पाल्यावर बकऱ्या कशा तुटून पडायच्या. माझ्याबद्दलही विचारायच्या, पण उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "तू गप बसतीस ते चांगलं हाय. झाडं मोजताना बडबड्या बाईचा उपेग न्हाई." माझ्या गप्प बसण्याला चांगलं म्हणणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आम्ही नऊ नंबरच्या चरात आलो. तिथे मोजण्यासारखं थोडंच होतं. बांधभर मी खणलेले खड्डे. मावशींनी एका खड्ड्यात हात घालून चाचपलं, मग दुसऱ्यात.

"ह्यातली काही मुळं अर्ध्यावर तुटलीत. खालचं ऱ्हायलंय. बुजव सगळे."

"येतील?"

"मला काय ठावं? बुजव तर."

मी बुजवले. त्या चराचे खडे त्यांनी वेगळे ठेवले नाहीत, त्यावरून टोमणाही मारला नाही. शेजारच्या चराकडे निघून गेल्या.

तहकूब सभा ग्रामपंचायतीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. या वेळी गर्दी होती. काकांनी मला पुढे केलं. "यादी तू केलीस, तूच वाच," म्हणाले. मी वाचायला लागले आणि तिसऱ्याच ओळीला अडले. समोरचा आकडा एकोणसाठ की एकोणसत्तर, मला कधीच पटकन सुचत नाही. मी इंग्रजीत आकडा सांगितला.

"म्याडम, मराठीत!" मागून आवाज आला.

मग आकडे ग्रामसेवकाने मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. त्यांच्या चार म्हशी आहेत.

"पयला कागद कुनाचा?"

"आमचा," काका म्हणाले.

"दुसरा?"

"आमचाच."

"मंग तिसरा कवा आननार? त्यात काय, डोंगरावर आंबे लागल्यात म्हनून लिवनार का?"

शेड हसलं. हसण्यासारखंच होतं. त्यांचा प्रश्न बरोबर होता. दोन कागद, दोन्ही एकाच हातचे, आणि दोन्हींत उलट लिहिलेलं. कुणीही विचारलं असतं. काका काहीतरी सांगायला लागले, आवाज चढला, दुसऱ्या बाजूचाही चढला. मी उभीच होते, खाली बसायचं राहून गेलं होतं. मी म्हणाले, "पहिला चुकला. मला वाटलं ती मेली. मला माहीत नव्हतं." एवढंच. किती जणांना ऐकू गेलं, कोण जाणे.

बायकांच्या बाजूने मावशी उठल्या. पिशवी घेऊन टेबलापाशी आल्या, गाठ सोडली आणि सगळे खडे सरपंचबाईंपुढे ओतले. काही घरंगळून खाली पडले.

"मोजा."

"मावशे, ह्ये काय?" म्हशीवाले म्हणाले.

"वरची जिती झाडं. एका झाडाला एक खडा. कागदावर इस्वास नसंल तर हे मोजा. ह्याच्यावर बी नसंल तर चला वर, नख लावून दावते."

"तुजी शेरडं तिकडं सोनईला पडल्यात, आन तू बंदीच्या बाजूनं? तुला काय फायदा ग?"

"फायदा आसता तर तुज्यावानी मोट्यानं वराडले आसते."

आता शेड वेगळ्या बाजूने हसलं, आणि म्हशीवालेही हसले. खडे कुणी मोजले नाहीत. बंदी उठली तर या बाईच्या सात शेळ्या घरी येतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तीच बाई झाडं जिवंत आहेत म्हणत होती. माझ्या दोन्ही कागदांपेक्षा ते वजनदार होतं.

पण मावशी खाली बसल्या नाहीत. "आता माजं ऐका," म्हणाल्या. "वरचं बंद ठिवा, ती उठंपर्यंत. खालची झाडं आता डोस्क्याच्या वर गेल्यात. दिवाळीनंतर गवत कापून झालं की खाली शेरडं सोडू द्या. मोकाट न्हाई. राखून. आन समद्यांची, माजी एकटीची न्हाई."

काकांचा चेहरा पडला. शेळी आणि झाड एका जागी नांदतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते उठणार होते. मी त्यांच्या बाहीला हात लावला. का लावला, कसा लावला, मला सांगता येत नाही. ते बसले.

सरपंचबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, वरच्या टप्प्याला आणखी दोन वर्षं बंदी, खालचा दिवाळीनंतर आठवड्यातले तीन दिवस शेळ्यांना. "पण राखणीला मावशींबरोबर डोंगरवाल्यांपैकी एक माणूस पाहिजे, नाहीतर उद्या हे म्हणतील शेळ्यांनी खाल्लं, ते म्हणतील उन्हाने खाल्लं."

"कोण येईल?" काकांनी आमच्याकडे वळून विचारलं.

"यादीवाली म्याडम!" मघाचाच मागचा आवाज. ठराव तसाच लिहिला गेला.

जून सरत आला तेव्हा वरच्या टप्प्यात जोडपानं दिसायला लागली. मी आणि मावशी पुन्हा चराचरातून फिरलो. जितके खडे होते तितकी उठली नाहीत. मी जरा खट्टू झाले, तर म्हणाल्या, "समदी उठत्यात व्हय कुटं? मान्सं तरी उठत्यात का?" नऊ नंबरच्या चरात मी बुजवलेल्या खड्ड्यांपैकी चार जागी कोंब आले. चार म्हणजे थोडेच. माझ्या हातून गेलेले पुष्कळ आहेत, आणि त्या चरात आता मोठी मोकळी जागा दिसते. पण त्या चारांवर माझा काहीही हक्क नव्हता आणि तरी ते आले, याचं मला अजून नवल वाटतं. काकांनी येऊन बघितलं. "नऊ नंबर, हे चार तुझे नाहीत, मावशींचे," असं इतक्या मोठ्याने म्हणाले की वीस नंबरपर्यंत ऐकू गेलं असेल. मी हो म्हणाले.

दिवाळीनंतर गवत कापून झालं आणि मावशी सोनईहून टेम्पोत शेळ्या घेऊन आल्या. सात गेल्या होत्या, पाच आल्या.

"दोन कुठे?"

"वैनीनं ठिवून घेतल्या. तीन वर्सं फोनवर डोस्कं खाल्लं, कदी नेताय, कदी नेताय. आन टेम्पो दारात लागला तर दोगींच्या गळ्यात पडून रडाय लागली. म्हनलं ठिव बाई."

पहिल्या दिवशी कंपनीतून सुट्टी घेऊन मी राखणीला गेले. मला काठी दिली होती. गावातल्या आणखी चार घरच्या शेळ्या होत्या, सगळ्या मिळून बऱ्याच. काका दूर एका दगडावर बसून बघत होते, घरचा डबा न उघडता. मी एका शेळीवर नजर ठेवावी तर दुसरी पुढे. शेवटी एक पांढरी शेळी बोरीपाशी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे खूर बुंध्याला टेकले, आणि मान ताणून फांदी ओढायला लागली. ती बोर मी पाच लिटरच्या कॅनने वाढताना बघितली होती. मी काठी उगारून धावले.

"ऱ्हाऊ दे ग," मावशी मागून म्हणाल्या. "तिचं त्वांड जिथवर पोचतं, तेवढं तिचं हाय. वरचं झाडाचं."

मी काठी खाली केली. शेळीने एक डहाळी खाल्ली, दुसरीला तोंड पुरेना, मग खाली उतरली आणि गवताकडे वळली. मागे वळून बघितलं तर काकांनी डबा उघडला होता.